अर्धी गिरकी

आमच्या देवीच्या मंडपात पूर्ण गिरकी घ्यायची नाही, असा दंडक आहे. परगावच्या माणसाला सांगितलं तर तो हसतो. देवासच्या माणसाला त्यात काही नवल वाटत नाही. इथं गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकीचा अंमल, त्या अंगाला दुसरीचा. टेकडीच्या पायथ्याचं आमचं देऊळ नेमकं शिवेवर. म्हणून मंडपात समोर देवी, एका बाजूला थोरल्या पातीची गादी, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीची. नवरात्रात दोन्हीकडचे मानकरी येऊन गादीशेजारी बसतात. एरवी नुसत्या गाद्याच असतात, वर म्यानातली तलवार. पण गादी रिकामी असली तरी ती गादीच. तिला पाठ दाखवायची नाही. देवीला तर नाहीच नाही.

मग नाचणारीने फिरायचं कसं? थोडंसं फिरायचं आणि पाठ वळायच्या आत माघारी यायचं. आम्ही तिला अर्धी गिरकी म्हणतो. खरं तर ती अर्धीसुद्धा नसते.

माझ्या आधी फार वर्षांपूर्वी उज्जैनीची एक कलावंतीण सेवेला आली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने भर मंडपात गिरकी घेतली आणि तिची पाठ आधी कोणत्या गादीला दिसली यावरून दोन्ही पाती इरेला पेटल्या. थोरले म्हणाले, आधी आमचा अपमान झाला. धाकटे म्हणाले, आमचा. अपमानाचाही मान असतो, दुसरं काय! शेवटी दंडक झाला, आणि तो मोडायची छाती पुन्हा कोणाला झाली नाही.

मला तर नाहीच झाली. मी नेमाधर्माची बाई. सांगितलेलं मोडायचं नाही, घेतलेलं सोडायचं नाही, एवढंच मला कळतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सांजेला देवीपुढे नाचायचं आणि नवरात्रात रोज, ही सेवा मी तरुणपणी घेतली. आता केस पांढरे झाले तरी ती चाललीच होती. लग्नाकार्यांतली बोलावणी कधीच बंद झाली. शिकलीसवरली मंडळी आता आमचं नाव निघालं की पानाच्या डब्यात बघतात. प्लेगाने गाव अर्धं केलं. मंडपात पूर्वी बसायला जागा नसे. आता चार म्हाताऱ्या, दोन मांजरं आणि त्या दोन गाद्या. तरी चाळ बांधायचे, नाचायचं, चाळ सोडायचे, घरी येऊन एरंडाची पानं तव्यावर तापवून उजवा गुडघा शेकायचा.

यंदा मात्र गुडघ्याने हात टेकले. खाली बसले की उठता येईना, उठले की बसता येईना. तेव्हा मी ठरवलं, अष्टमीला चाळ देवीच्या पायांशी ठेवायचे.

आमच्यात त्याचीही रीत आहे. एकदा पायांशी ठेवलेले चाळ ठेवणारीने पुन्हा बांधायचे नाहीत. समईतलं तेल सरायच्या आत घरातल्या कुणी आपणहून उचलले तर सेवा पुढे चालली. आपणहून, बरं का. हाताला धरून आणलेली चालत नाही. कोणीच उचलले नाहीत तर पुजारी ते मंडपाच्या तुळईला बांधून टाकतो. दोन जोड आधीच तिथं आहेत. त्यांवर पारव्यांची विष्ठा आहे, हिरवा गंज आहे. ते कोणाचे हे विचारलं तर मोरोपंत पुजारीसुद्धा नाव सांगू शकत नाहीत.

घरात उचलणारी एकच होती. माझी धाकटी बहीण इंदू धारला असते, तिची मुलगी लतिका. इंदूने तिला माझ्याकडे शिकायला धाडलं होतं. मुलगी गुणाची आणि पाऊल स्वच्छ. पण दसरा झाला की धारला परत जाणार असं ती येता-जाता ऐकवत होती.

अष्टमीच्या सकाळी मी तुळशीपुढे माळ घेऊन बसले होते. लतिका ओसरीवर वेणी घालत होती. माझी माळ संपेपर्यंत ती बिचारी गप्प बसली. मेरुमणी हाताला लागला मात्र, लगेच तिने विचारलं,

"मावशी, आज चाळ ठेवणार म्हणे?"

"कोण म्हणालं?"

"तात्या. साऱ्या गल्लीला सांगून झालंय त्यांचं."

तात्या म्हणजे आमचे मृदंगवाले. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही, पुऱ्या मात्र राहतात.

"ठेवणार," मी म्हटलं.

"मी उचलणार नाही हं. आधीच सांगते."

"मी म्हटलं का तुला?"

"तोंडाने नाही म्हटलंस. पण आईने मला इकडे काय पापड लाटायला धाडलं?"

मी माळ गोमुखीत ठेवली. उपासाचा आठवा दिवस, बोलायलाही जीव लागतो.

तीच पुढे म्हणाली, "नाचायला मी नाही म्हणत नाही. पण तिथं? दाराच्या फळीसारखं थोडं उघडायचं, थोडं मिटायचं. त्यापेक्षा दोन्ही पातींनी माझी पाठ वाटून घ्यावी. अर्धी थोरल्यांना, अर्धी धाकट्यांना."

"देवीचं नाव घे. सणावाराचं असं बोलू नये."

"मावशी, खरं सांग. तुला अजून नाचावंसं वाटतं?"

"नाही."

ती चपापली. मी काही गोडधोड बोलेन, देवीची ओढ वगैरे, अशी तिची समजूत असावी.

"मग कशाला नाचतेस?"

"मंगळवार येतो. शुक्रवार येतो. मग नाचते."

"हे काय उत्तर झालं?"

"तुळशीला पाणी घालताना रोज कंठ दाटून येतो का? तरी घालतोच ना."

"तुळस वाढते तरी. तुझं काय वाढलं? गुडघा?"

मला हसू आलं. पोरीची जीभ इंदूवरच गेली आहे.

मी म्हटलं, "कधी कधी येतं ग काहीतरी. नाचता नाचता गुडघा विसरतो, तात्यांचा ताल ऐकू येईनासा होतो आणि तरी पाऊल बरोबर पडतं. पण ते आपल्या हाती नाही. आपण पान मांडून ठेवायचं. पाहुणा यायचा तेव्हा येईल. त्याला यावंसं वाटलं आणि घरात पानच मांडलेलं नसलं तर?"

"यंदा आला का पाहुणा?"

"यंदा नाही आला." मी आठवून पाहिलं. "गेल्या वर्षी श्रावणात आला होता बहुधा."

तिने वेणीची गाठ मारली.

तिला गिरकीचं वेड होतं. दुपारी मी जरा आडवी झाले की ती माजघराचं दार लोटून घेई आणि फिरत राही. फडताळातली भांडी हलत. एकदा मी फटीतून पाहिलं. डोळे मिटलेले, तोंड शांत, झोपलेल्या लेकरासारखं. मागाहून विचारलं तेव्हा म्हणाली, "फिरताना कोणी आठवत नाही, मावशी. भास्करसुद्धा नाही." भास्कर तिचा पाठचा भाऊ, प्लेगात गेला. त्यानंतर मी तिला कधी थांबवलं नाही.

मला नाचाकडे ओढलं तेही गिरकीनेच. लहानपणी धारला आई तालमीला उभी राही. तिच्या पेशवाजीच्या घेराला बाग गावच्या छापील कापडाची किनार होती, काळ्यावर लाल फुलं. आई संथ चालायची तेव्हा फुलं दिसायची. तिने गिरकी घेतली की फुलं नाहीशी होऊन नुसती एक लाल रेघ फिरायची. आई थांबली की फुलं परत जागच्या जागी. "फुलं कुठं जातात?" मी विचारायची. आई म्हणे, "तू फिरून बघ." मी फिरून पाहिलं. पण नाचणारणीला आपला घेर कधी दिसतच नाही. तो दुसऱ्यालाच दिसतो. हे कळेपर्यंत पायांत चाळ बसले होते.

त्याच किनारीची पेशवाज मी अष्टमीला घालत असे. आईची किनार, कापड मात्र तीनदा बदललेलं.

उन्हं उतरली तसे तात्या आले. दारातूनच ओरडले, "काय बाई, आज मोठा सोहळा! मी जुना मृदंग पण बदलून आणलाय."

"कशाला? जुनाच बरा होता."

"जुन्याला शाई धरत नाही, मला दात धरत नाहीत, तुम्हाला गुडघा धरत नाही. तिघांतला एक तरी नवा पाहिजे का नको?"

लतिका हसली. मग हसू दाबून आत गेली. ती दिवसभर माझ्याशी तुटक होती.

चाळ मी पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. बांधायला लतिकाच बसली. मला वाकवत नव्हतं. तिने गाठी करकचून मारल्या.

"घट्ट झालं ग."

"सुटायला नकोत ना मध्येच. नाही तर म्हणशील, पोरीने अपशकुन केला."

"सोडायलाही तूच ये. आरतीच्या आधी. माझा हात पोचत नाही."

"येईन," ती म्हणाली.

ही आणखी एक रीत. नाच संपला की आरतीच्या आधी चाळ काढायचे. आरतीत देवीच्या घंटेखेरीज दुसरा नाद नको म्हणून. इतकी वर्षं मी आरतीला अनवाणी, मुक्या पायांनी उभी राहत आले.

मंडपात त्या दिवशी बरी गर्दी होती. अष्टमीचा होम, शिवाय तात्यांची दवंडी. थोरल्या पातीकडून माधवराव आले होते, धाकट्या पातीकडून प्रतापराव. दोघे वयाने सारखे, अंगाने सारखे, आणि नमस्कार आधी कोणी करायचा यावरून दोघांनीही केलेला नाही. मोरोपंतांना मी सकाळीच सांगितलं होतं. त्यांनी देवीच्या पायांशी केळीचं पान मांडून त्यावर तांदूळ पसरून ठेवले होते. ते रिकामं पान उभी राहिल्यापासून मला दिसत होतं. मान वर केली तर तुळई आणि ते दोन जोड.

मी नाचले. काय सांगू? पाहुणा काही आला नाही. पहिल्या आवर्तनाला गुडघ्यातून कळ गेली, ती शेवटपर्यंत राहिली. उजवीकडे थोडं, माघारी. डावीकडे थोडं, माघारी. माधवराव मिशी पिळत होते. प्रतापराव जांभई दाबत होते. तात्यांनी लय उतरवून घेतली, माझ्यासाठी. नेहमी ते असं करत नाहीत, चढवतात आणि डोळे मिचकावतात. त्यांनी दया केली याचंच मला जास्त वाईट वाटलं. मनात एवढंच होतं, आई, आता पुरे. आजचा दिवस पार पाड. नंतर तुझी तुळई आणि माझा चूलखंड.

शेवटची सम आली. मी देवीला हात जोडले आणि खांबाशी जाऊन उभी राहिले. बसणं शक्यच नव्हतं. लतिकाला डोळ्यांनी शोधलं. ती पार मागे, दाराजवळ बायकांत उभी. मी खुणावलं. तिने पाहिलं, पण ती हलेना. मला वाटतं, चाळ सोडायला आली तर ते हातात येतील, हातात आले की सगळ्यांची नजर तिच्यावर, याचीच तिला भीती होती. मी पुन्हा खुणावलं. तेवढ्यात मोरोपंतांनी घंटा हलवली आणि आरती सुरू झाली.

आता काय करणार? वाकायला गेले तर पडणार. आरती टाकून बाहेर गेले तर नेम मोडणार. मी दगडासारखी उभी राहिले. टाळ्यासुद्धा हातांनीच, अंग न हलवता. श्वास घेतला तरी घुंगरू वाजेल की काय अशी धास्ती. आयुष्यभर पाय वाजावेत म्हणून झिजले, आणि त्या सांजेला ते वाजू नयेत म्हणून घामाघूम झाले.

आरती झाली. मंत्रपुष्प झालं. आणि मोरोपंतांनी प्रदक्षिणेचा श्लोक म्हणायला घेतला.

गाभाऱ्याभोवती फिरायला आमच्याकडे वाट नाही, मागे टेकडीचा खडक आहे. म्हणून सगळे जागच्या जागी, स्वतःभोवतीच प्रदक्षिणा घालतात. सगळीकडे घालतात तशीच. लहानपणापासून मीही घालत आले. त्यात विचार करण्यासारखं काही असेल असं कधी वाटलंच नव्हतं.

सगळे फिरू लागले. न फिरून कसं चालेल? मीही फिरले.

चाळ वाजले.

पहिलं पाऊल ठेवताना डोळे मिटले होते. गुडघ्याने तेही जमू दिलं नाही, डोळे उघडून जमीन बघावी लागली. मग नजर वर गेली. उजवीकडे माधवराव दिसले. ते स्वतःभोवती फिरत होते, त्यांची पाठ माझ्याकडे आणि गादीकडेही. मग म्हाताऱ्या, हात जोडून, डुलत डुलत. मग दार. दाराबाहेर रस्ता, त्यावर एक बैलगाडी उभी, आणि वर आभाळ, अजून जरा तांबूस. देवीकडे पूर्ण पाठ करून, पायांत चाळ असताना, मी ते दार कधी पाहिलं नव्हतं. दारात लतिका उभी होती. ती फिरत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तात्या, मृदंग पोटाशी धरून फिरताना धापा टाकत होते. मग प्रतापराव, त्यांचीही पाठच. दोन्ही पाती एकमेकींना पाठ करून उभ्या होत्या आणि कोणाच्या ते ध्यानातही नव्हतं, सगळे देवाचं नाव घेत होते. आणि मग समोर पुन्हा ती, हळदीने माखलेली, जिथल्या तिथे.

किती वेळ लागला देव जाणे. बाकीचे केव्हाच थांबले होते. शेवटची दोन पावलं माझी एकटीचीच वाजली.

पाहुणा आला होता का? मला सांगता येणार नाही. गुडघा तर दुखतच होता. पण तो दुखतोय हे मला पुन्हा समोर तोंड झाल्यावर आठवलं.

प्रतापरावांनी घसा खाकरला. "पंत, मध्येच घुंगरं वाजली की काय?"

माधवरावही वळून बघू लागले. त्यांच्या मनात हिशेब सुरू झाला होता हे मला दिसलं. पाठ आधी इकडे की तिकडे?

मोरोपंत तीर्थाची पळी भरत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई प्रदक्षिणा घालत होत्या. आपणही घातलीत ना?"

"घातली तर," प्रतापराव म्हणाले.

"आम्हीही घातली," माधवराव घाईने म्हणाले. प्रदक्षिणेत आपण मागे राहिलो असं व्हायला नको.

"मग तीर्थ घ्या," मोरोपंत म्हणाले, आणि पळी दोघांच्या मध्ये धरली. आता आधी हात कोणी पुढे करायचा हा प्रश्न आला आणि घुंगरं मागे पडली.

मी खांबाला टेकले. लतिका गर्दीतून वाट काढत आली आणि माझ्या पायांशी बसली. घामाने गाठी आवळल्या होत्या. तिने नखांनी, मग दातांनी त्या सोडवायला घेतल्या.

"दिसली का ग रेघ?" मी विचारलं. माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. किनारीची गोष्ट मी तिला एकदा सांगितली होती.

"कसली रेघ!" तिने मान वर न करताच म्हटलं. "इतकी हळू फिरलीस. एकेक फूल दिसत होतं. एका फुलाची पाकळी उसवलीय तीसुद्धा दिसली."

"तेवढंच राहिलं होतं ऐकायचं."

"वाईट नव्हतं," ती म्हणाली. मग दुसऱ्या पायाकडे वळत, "मी अशी हळू कधी घेतली नाही. पडले असते."

दुसरा चाळ सुटला. दोन्ही तिने ओंजळीत घेतले. मोरोपंत गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे राहून आमच्याकडे बघत होते. आत केळीचं पान तसंच मांडलेलं होतं, आणि समईत तेल होतं.

मी हात पुढे केला. "दे. ठेवते."

तिने दिले नाहीत.

"लतिका, संकल्प केलाय मी. दे."

"तू चालणार कशी तिथपर्यंत? गुडघा बघ, नारळाएवढा झालाय."

"तू ठेव मग."

"मी कशी ठेवू? ज्याचे त्याने ठेवायचे, तूच म्हणतेस." तिने चाळ पदरात गुंडाळले, वाजू नयेत असे. "उद्या बघू. उद्या नवमी आहे ना? उद्या नसते का देवी?"

"अग, उद्या नवमी म्हणजे उद्याची सेवा. मग कोण नाचणार?"

"ते उद्याचं उद्या," ती म्हणाली. मग मोरोपंतांकडे बघून जरा मोठ्याने, "प्रदक्षिणा मात्र मी चाळ बांधून घालणार. आरतीच्या आधी काढणार नाही."

मोरोपंतांनी ऐकलं की नाही समजलं नाही. त्यांनी केळीचं पान उचललं, तांदूळ परातीत सारले आणि पान बाहेरच्या गाईपुढे टाकलं.

मी लतिकाच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले. खरं सांगायचं तर मनातून चरफडत होते. इतके दिवस मन घट्ट करून संकल्प केला होता, आजपासून सुटका म्हणून. आता पुन्हा उद्या शेकायला एरंडाची पानं, पुन्हा हळदकुंकू, पुन्हा ही पोरगी कधी हो म्हणते कधी नाही याची वाट बघणं. थकल्या जिवाला आशा फार जड होते, बाई.

मागून तात्या ओरडत आले, "अहो, उद्या कोणती लय धरू? म्हातारी का तरणी?"

"उद्या सांगते," लतिका म्हणाली.

चालताना तिच्या पदरातून एखादं घुंगरू वाजे, आणि ती मुठीने ते दाबून धरी.